रेकॉर्डच्या पाठीवरची बारीक अक्षरं

प्रश्न: मी १९ वर्षांची आहे. साताऱ्याहून इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आले. सहा महिन्यांपूर्वी पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' फोनवर पहिल्यांदा सलग ऐकला आणि तेव्हापासून रॉकचं वेड लागलंय. सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी छापून भिंतीवर लावली आहे, ऐकून झालं की खूण करते. आतापर्यंत १४० झाले. शिकवणीच्या पैशांतून तीन नव्या एलपी घेतल्या. घरी माळ्यावर आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर सापडला, तो खोलीवर आणलाय, त्यावर वाजवते. बाबा म्हणतात, सगळं फोनवर मिळत असताना हा पैशाचा चुराडा आहे. संग्रहाची सुरुवात नीट कशी करू? जुन्या भारतीय रेकॉर्ड घेऊ की नव्या?

उत्तर:

आधी एक विनंती. त्या तीन नव्या एलपी आजपासून फिएस्टावर लावू नकोस. बाकीचं सावकाश वाच, पण हे आजच थांबव.

मी गेली तीस वर्षं नारायण पेठेत रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो आणि जुन्या रेकॉर्डची खरेदी-विक्री करतो. फिएस्टा पुष्कळ हाताळले आहेत आणि मला ते मनापासून आवडतात. पण त्यांचं काटरिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, जुन्या क्रिस्टल पद्धतीचं असतं आणि सुईवर पडणारा भार पाच-सहा ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त भरतो. आजच्या चांगल्या प्लेअरची सुई दोन ग्रॅमच्या आसपास टेकते. त्यातून तुझी सुई किती वर्षांची आहे हे कुणालाच माहीत नाही. झिजलेल्या सुईला धार येते आणि ती खाचेच्या भिंती तासत जाते. आधी वरचे आवाज जातात, म्हणजे झांजांची किणकिण, गायकाचा 'स', तारेवर बोट सरकल्याची कुरकुर. एकदा गेलं की ते परत येत नाही. काटरिजच्या पुढे एक छोटी पट्टी आहे का बघ. बऱ्याच जुन्या प्लेअरना ती असते. ती फिरवली की एका बाजूला एलपीची बारीक सुई येते आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डची, जवळजवळ तिप्पट जाड. चुकून ७८ च्या बाजूने एलपी वाजवत असलीस तर नुकसान आणखी वाढतं.

फिएस्टा टाकून मात्र देऊ नकोस. त्याचं खरं काम शेवटी सांगतो.

नवा प्लेअर घ्यायची घाई करू नकोस, आणि सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर तर घेऊच नकोस. त्यातल्या बहुतेकांत सिरॅमिक काटरिज आणि जड सुईच असते, फक्त रंग नवे. पट्ट्यावर फिरणारा, टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, शेपटीला फिरवता येणारं वजन असलेला, मूव्हिंग मॅग्नेट नावाच्या हलक्या भाराच्या काटरिजचा एखादा वापरलेला प्लेअर शोध आणि त्याला नवी हिऱ्याची सुई बसवून घे. पट्टा सैल झालेला असेल, तो बदलायला फार खर्च येत नाही. त्याला फोनो प्रीॲम्प लागतो, तो विसरू नकोस. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वरचे स्वर उचललेले असतात. तसं केलं नाही तर खर्जाची नागमोडी खाच शेजारच्या खाचेत घुसेल आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचं संगीत मावणारच नाही. फोनो प्रीॲम्प हा दाब उलटा करून मूळ तोल परत आणतो. तो नसला की रेकॉर्ड बारीक आणि किरकिरी वाजते, आणि लोक दोष रेकॉर्डला देतात.

आता भिंतीवरच्या यादीबद्दल. ती उतरव. त्यातले अल्बम वाईट आहेत म्हणून नाही, बहुतेक उत्तमच असतील. पण सहा महिन्यांत १४०, म्हणजे आठवड्याला पाचाहून जास्त. कॉलेजचा अभ्यासक्रम तू असाच संपवत असशील, संगीत तसं संपवू नकोस. त्या १४० पैकी किती अल्बमची दुसरी बाजू कोणत्या गाण्याने सुरू होते हे तुला न बघता सांगता येईल? सवाईच्या मंडपात बसलेला माणूस विलंबित पुढे ढकलून द्रुतावर जात नाही. अल्बमही मांडलेला असतो, विशेषतः १९६७ नंतरच्या दहाएक वर्षांतला. कुठून सुरुवात, बाजू कुठे संपते, पलटल्यावर पहिला आवाज कोणता, यावर त्या लोकांनी रात्री घालवल्या आहेत.

तुझाच अल्बम घे. १९७३ च्या त्या रेकॉर्डची पहिली बाजू क्लेअर टोरी या गायिकेच्या आवाजावर संपते. शब्द एकही नाही, नुसता स्वर. आपल्याकडची आलापी ऐकत वाढलेल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो, पण त्यातला आकांत वेगळाच आहे. तो विरतो, सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरत राहते. तुला उठावं लागतं, रेकॉर्ड पलटावी लागते. आणि मग नाण्यांचा, गल्ल्याच्या यंत्राचा तालातला खडखडाट येतो. मरणाच्या गाण्यानंतर पैशाचं गाणं, आणि मध्ये तुझ्या खोलीतली शांतता. फोनवर ही दोन गाणी एकमेकांना चिकटून येतात. एलपी का घ्यायची, याचं माझं उत्तर हे आहे. आवाज फोनपेक्षा चांगला असतो वगैरे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तो प्लेअर, सुई आणि त्या विशिष्ट छापणीवर अवलंबून असतो.

मग यादी नाही तर शोधायचं कसं? रेकॉर्डच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचून. माझा सगळा संग्रह त्या अक्षरांतून आला आहे.

बरीच वर्षं झाली. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात नाट्यसंगीताच्या रेकॉर्ड विकायच्या होत्या म्हणून गेलो होतो. पेटीत वर सगळी नाट्यपदं, 'गीत रामायण', भीमसेनजी. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, बीटल्सचा १९६६ चा 'रिव्हॉल्व्हर'. घरातल्या आजी म्हणाल्या, "ते आमच्या धाकट्या दिरांचं. विलायतेला जाऊन आले होते." मी कव्हर उलटून वाचायला लागलो आणि एका ओळीवर थांबलो. जॉर्ज हॅरिसनच्या एका गाण्यापुढे छापलं होतं, तबला : अनिल भागवत. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव छापणं त्या काळी अपवादानेच होई, आणि ते नाव भागवत! मी आजींना ते वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचलं. ती रेकॉर्ड मी अजून विकलेली नाही.

त्या एका ओळीवरून मी हॅरिसनच्या मागे लागलो. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करून गेला, तो 'वंडरवॉल म्युझिक'. त्यात संतूर शिवकुमार शर्मांचं आहे आणि बासरी हरिप्रसाद चौरसियांची. दोघंही तेव्हा तरुण होते. त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' कॅसेट तुझ्या घरी असण्याची बरीच शक्यता आहे, त्या पिढीतल्या पुष्कळ मराठी घरांत ती असे. बाबांशी पैशांवरून वाद घालण्याऐवजी त्यांना हे दोन अल्बम एकापाठोपाठ ऐकव.

दुसरा धागा सांगतो. डीप पर्पलचा 'मशीन हेड', १९७२. हे लोक डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायला गेले. ते सुरू व्हायच्या आधीच फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा जळता बाण, उडवली आणि कॅसिनो जळून गेला. सरोवरावर पसरलेल्या त्या धुरावरच त्यांचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं आहे, 'स्मोक ऑन द वॉटर', तुला ते माहीत असणारच. मग त्यांनी थंडीसाठी बंद असलेलं एक हॉटेल गाठलं, बोळांत गाद्या उभ्या करून आवाज अडवला आणि बाहेर उभ्या केलेल्या रोलिंग स्टोन्सच्या ध्वनिमुद्रणाच्या ट्रकमध्ये अल्बम टिपला. इंजिनिअरचं नाव मार्टिन बर्च. हे नाव धरून ठेव. हाच माणूस तुला १९७६ च्या रेनबोच्या 'रायझिंग'वर भेटेल, १९८० च्या ब्लॅक सबाथच्या 'हेवन अँड हेल'वर भेटेल आणि १९८१ च्या 'किलर्स'पासून १९९२ पर्यंत आयर्न मेडनच्या अल्बममागे उभा दिसेल. मागे गेलीस तर सुरुवातीच्या, ब्लूज वाजवणाऱ्या फ्लीटवूड मॅकबरोबरही तो आहे. एका नावावर वर्षभर पुरेल इतकं ऐकणं झालं. आणि पाच-सहा अल्बमनंतर तुझ्याच लक्षात येईल की गिटार आणि ड्रम यांच्यात मोकळी हवा ठेवायची त्याची एक सवय आहे. हे कुणी सांगून कळत नाही, कानाला आपसूक कळतं.

आता तो ट्रक. त्याच ट्रकमध्ये लेड झेपलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमचा मोठा भाग टिपला आहे, इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या शेवटच्या गाण्यातले ड्रम ऐक. जॉन बोनहॅमला जिन्याच्या तळाशी, घराच्या प्रवेशदालनात बसवलं आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. तो आवाज त्या जिन्याचा आहे. आणि ते गाणं मुळात मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या जोडप्याचं, १९२९ चं, मिसिसिपी नदीच्या १९२७ च्या महापुरावरचं. पानशेतच्या आठवणी ऐकत मोठं झालेल्या पुणेकराला धरण-बांध फुटण्याचं गाणं समजावून सांगावं लागत नाही. तिथून ब्लूजचं दार उघडतं. हे सगळं एका कव्हरच्या पाठीवरून सुरू झालं.

आणि तुझ्या जिल्ह्यातलंच म्हणशील तर क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, पहिला बँडही तिथेच केला. क्वीनच्या १९७० च्या दशकातल्या कव्हरांवर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' अशी ओळ शोध. ती ओळ वाचून १९७५ चा 'अ नाइट ॲट द ऑपेरा' पुन्हा ऐक, म्हणजे तुला जे यंत्र वाटत होतं ते माणसांचे आवाज आणि गिटार आहेत हे कळेल.

माझा नियम असा की अल्बम फोनवर दहा वेळा ऐकल्यावर अकराव्यांदाही ऐकावासा वाटला तरच विकत घ्यायचा. महिन्याला एक. याने पैसेही आवाक्यात राहतात, आणि बाबांना दाखवायला हिशेबही राहतो.

आता पुण्यात कुठे. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा, उन्हं चढायच्या आत. दुपारपर्यंत उन्हात पडलेली रेकॉर्ड वाकते. पेठांतल्या घरांतून जे येतं ते मुख्यतः नाट्यसंगीत, शास्त्रीय आणि हिंदी चित्रपटांचं. रॉक येतं ते कॅम्प, वानवडी, खडकी या बाजूच्या घरांतून. पारशी, गोवेकर, लष्करातली कुटुंबं, परदेशी शिकून आलेले लोक. घर विकलं जातं, मुलं परदेशी असतात, सामान रद्दीवाल्याकडे जातं. म्हणून बाजारातल्या दोन-चार विक्रेत्यांशी ओळख ठेव. दर वेळी काहीतरी घेतलंच पाहिजे असं नाही, पण दर वेळी नमस्कार कर, चहा घे. कॅम्पातल्या एखाद्या घरातून पेटी आली की त्यांनी आधी तुला फोन करावा, इतकी ओळख व्हायला वर्ष लागतं. आणि घासाघीस बेताची कर. त्यांनी ओझं उचलून आणलेलं असतं.

तिथे मिळणाऱ्या भारतीय छापण्यांवर तू नेमकं विचारलं आहेस. त्यातल्या बऱ्याच कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या. ईएमआय या इंग्लिश रेकॉर्ड कंपनीचे कलाकार, म्हणजे बीटल्स, पिंक फ्लॉइड, तिथे छापले जात. पॉलिडॉर ऑफ इंडिया, नंतरचं म्युझिक इंडिया, आणि १९८० च्या दशकात सीबीएस यांच्याही छापण्या मिळतात. दमदमच्या अनेक रेकॉर्ड इंग्लंडहून आलेल्या धातूच्या साच्यांवरून काढलेल्या आहेत. लेबलाच्या कडेला, जिथे खाच संपते त्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे उजेडात तिरके धरून वाच. ते इंग्लिश छापणीच्या आकड्यांशी जुळले की समजायचं, मूळ तिथलंच आहे. अशी एक स्वच्छ दमदमची रेकॉर्ड मी आजच्या महागड्या नव्या छापणीपेक्षा आनंदाने घेईन. अडचण दोन ठिकाणी आहे. प्लास्टिकचा दर्जा एकसारखा नसे, त्यामुळे काहींत मागे खरखर असते. आणि कव्हर बऱ्याचदा साधं केलेलं असतं, पुस्तकासारखं उघडणारं मूळ कव्हर इथे एका पाकिटावर आलेलं असतं. मग वाचायची अक्षरंही कमी होतात, ते मला नेहमी लागतं. नव्या छापण्यांवरच्या '१८० ग्रॅम' या शब्दांना भुलू नकोस. जाड रेकॉर्ड हाताला छान लागते, सहसा वाकत नाही, पण खाच तेवढीच खोल असते. आवाज ठरतो तो मूळ टेप कोणती घेतली आणि कापणाऱ्याचा कान कसा होता यावर.

जुनी रेकॉर्ड घेताना कव्हरवर जीव टाकू नकोस, आधी रेकॉर्ड बाहेर काढ. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकली आहे का बघ. मग उजेडाखाली तिरकी फिरव. बारीक रेघा चालतात. चऱ्यावरून नख हळूच फिरव, नखाला लागला तर तो प्रत्येक फेरीला टकटकणार. मधल्या भोकाभोवती लेबलावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या तर ती खूप वेळा लावलेली आहे. काळ्या चकाकीऐवजी राखाडी छटा आली असेल तर जड सुईने तिला खाल्लं आहे, कितीही स्वस्त असो, सोडून दे. आणि वाजवून बघायची सोय असेल तर पहिलं गाणं ऐकू नकोस, बाजूचं शेवटचं ऐक. रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलाजवळ २० च्या आसपास. तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत दाबून बसवलेलं असतं, म्हणून झीज सगळ्यांत आधी तिथे ऐकू येते. बाजूचं शेवटचं गाणं पुष्कळदा हळुवार का असतं, याचं एक कारणही हेच.

पुण्यात रेकॉर्डचा मोठा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर बुरशी धरते, आधी कव्हरला, मग खाचेत. रेकॉर्ड उभ्या ठेव, भिंतीपासून चार बोटं लांब, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. जाड चकचकीत पीव्हीसीची पाकिटं वापरू नकोस, दमट हवेत त्यांचा धुरकट थर रेकॉर्डवर उतरतो आणि तो जात नाही. धुवायला डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ कापड खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा, आणि सावलीत उभी वाळव. विशीत असताना मी बारा रेकॉर्ड एकावर एक आडव्या, खिडकीखाली ठेवल्या होत्या. एप्रिल होता. संध्याकाळी परत आलो तेव्हा वरच्या पाच कायमच्या गेल्या होत्या. त्यातली एक मी वर्षभर शोधून मिळवली होती. तुझी खोली पश्चिमेची असेल तर आजच जागा बदल.

सीडीकडे दुर्लक्ष करू नकोस. लोक त्या पाकिटानिशी काढून टाकताहेत, आत पुस्तिका असते, सगळी नावं असतात. कॅसेट आठवणीसाठी घ्याव्यात, रोज ऐकण्यासाठी नाही.

आता फिएस्टा. तो आजोबांचा आहे म्हणजे त्याच्याबरोबर रेकॉर्डचा डबाही कुठेतरी असणार. त्यात जाड, जड, पडली तर फुटेल अशी रेकॉर्ड निघाली तर ती ७८ ची, लाखेची. तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नकोस, लाख विरघळते. कोरड्या मऊ ब्रशने झटक. त्या जड सुईसाठीच या खाचा घडवलेल्या होत्या, त्यामुळे फिएस्टा त्यांच्यावर हक्काने चालतो, फक्त सुई नवी घाल आणि पट्टी ७८ च्या बाजूला फिरव. आणि लेबलं नीट वाच. बाकी बहुतेक जगात ७८ बंद झाल्या होत्या तेव्हाही आपल्याकडे त्या निघत होत्या. बीटल्सच्या सुरुवातीच्या काही गाण्यांच्या ७८ पार्लोफोनच्या लेबलाखाली भारतात छापल्या गेल्या, आणि जगभरचे संग्राहक आज त्या शोधत असतात. मला तीस वर्षांत एकच हातात धरायला मिळाली, तीही दुसऱ्याची. तुमच्या माळ्यावर बहुधा बालगंधर्व किंवा हिराबाई निघतील, आणि तेही काही कमी नाही. दिवाळीला घरी जाशील तेव्हा फिएस्टा बरोबर ने, डबा खाली काढ, आणि पहिली रेकॉर्ड आजोबांनाच लावू दे.